फोटोला हार

२० ऑगस्ट १९७९, सोमवार

पॅसेंजर दीड तास लेट. मूर्तिजापूरला चढले तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. बडनेऱ्याला एक म्हातारा उतरला तेव्हा कुठं टेकले. चक्की यांच्या भरवशावर टाकून आले. हे पट्टा चालू करून पेपर वाचत बसतील, ज्वारीवर गहू पडेल आणि बाया मला शिव्या देतील. पण कुसुमचं काम आहे. आल्याशिवाय भागत नव्हतं.

विमल ठेसनावर आली होती. मावसबहीण, पण एका ताटात जेवलेल्या आम्ही. वाळली आहे. रिक्षात बसल्याबरोबर सुरू झाली, "पोळ्यालेच बोलावलं तुले, मारबत पाहूनच जाय. अशी मारबत कुठंच नाही." तिन्ही पत्रांत हेच होतं. म्हटलं, मी पोरीचं लग्न ठरवायला आले, जत्रा पाहायला नाही. तर म्हणते, "दोन्ही होते न वं एकात."

तिची खोली इतवारीतच, भांड्यांच्या गल्लीत. दिवसभर ठोकाठोक. डोकं उठलं.

२१ ऑगस्ट, मंगळवार

गुलाबरावांचं दुकान पाहिलं. मोठं आहे. पितळ, तांबं, आता स्टीलही ठेवतात. दुकान खाली, घर वर. विमलचा नवरा, किसन भाऊजी, याच दुकानात काट्यावर बसतात, अठरा वर्षं झाली. हे स्थळ विमलनंच कळवलं होतं, गुलाबरावांच्या सांगण्यावरून.

मुलगा प्रभाकर. बिजवर आहे. पहिली बायको टीबीनं गेली, मूल नाही. आम्ही हे माहीत असून हो म्हटलं. कुसुम सव्वीस वर्षांची झाली, डाव्या डोळ्यात फूल आहे, मॅट्रिक पास असून किती जण पाहून गेले ते मी मोजणं सोडलं. हा मुलगा जानेवारीत आला, डोळ्याकडे पाहिलंच नाही त्यानं. कोणती पुस्तकं वाचता विचारलं. तेव्हापासून पोरगी चक्कीवर गुणगुणत असते. एवढ्या आवाजात ऐकू येत नाही असं तिला वाटते.

गुलाबराव बोलायला गोड. "विहीणबाई, उद्या पोळ्याचं जेवन आमच्या घरी. परवा मारबत पाहा. मंग शुक्रवारी बसून तारीख काढू." मला विहीणबाई म्हणूनही टाकलं. मला आवडलं ते. खोटं कशाला लिहू.

संध्याकाळी विमलबरोबर लाकडी बैलांचा बाजार. चाकावरचे नंदी, बोटाएवढे ते वासराएवढे. इथं मोठ्यांचा पोळा एक दिवस आणि दुसऱ्या दिवशी लेकरांचा. लेकरं हे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. गोष्ट चांगली आहे. आमच्याकडे नाही.

२२ ऑगस्ट, बुधवार. पोळा.

शहरात बैल कुठून येतील म्हटलं होतं मी. आले की. रंगवलेली शिंगं, झुली, बेगड. मोटारी थांबवून लोक बैलांच्या पाया पडून राहिले होते. एका बैलानं ट्राफिकच्या पोलिसाची टोपी चाटली. हसून हसून पोट दुखलं. किती वर्षांनी अशी हसले.

जेवण गुलाबरावांकडे. पुरणपोळी, कढी, वडे. वाढणारी त्यांची बायको एक शब्द बोलली नाही.

माजघरात सुनेचा फोटो. चंदनाचा हार, खाली उदबत्ती. हसरी पोरगी, नाक ठसठशीत. मला वाटलं हिच्या जागी आपली पोर येणार, हिला नमस्कार केला पाहिजे. तिथलंच झेंडूचं फूल उचललं आणि फोटोला वाहायला गेले. गुलाबरावांच्या बायकोनं माझं मनगट धरलं. "राहू द्या बाई." एवढंच. मला वाटलं सुनेवर जीव असेल, सहन होत नसेल. फूल वाहिलंच मी. हात जोडले. तिला म्हटलं, माझ्या कुसुमला सांभाळ.

हे लिहून ठेवते आहे कारण…

काही नाही. झोप येते.

२३ ऑगस्ट, गुरुवार. मारबत.

आजचं आजच लिहिते.

विमलनं सहालाच उठवलं. चहा पण नीट पिऊ दिला नाही. गुलाबरावांच्या दुकानासमोर, पलीकडच्या ओट्यावर उभी केली मला. म्हटलं चौकात जाऊ, तिथं काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात म्हणतात. तर म्हणे, "इथूनच पाहाय."

आमच्याकडे मारबत म्हणजे काय, पोळ्याला दाराशी लावलेली पळसाची डांगळी, दुसऱ्या दिवशी वेशीबाहेर नेऊन फेकायची, खोकला पडसं ढेकूण घेऊन जा म्हणायचं, झालं. इथं दोन मजल्यांएवढी बाई आली. बांबू आणि कागदाची, काळीभोर, जीभ बाहेर, छाती एवढी की पाहायची लाज वाटावी. आणि लाज कोणालाच नाही. बाया तान्ही लेकरं उचलून तिच्या पायाला लावून राहिल्या, आणि हिलाच पुढं नेऊन जाळतात. मी अवाक्. मग पिवळी. ढोल, गुलाल, माणसावर माणूस.

त्यांच्यामागून बडग्ये. हे बडग्ये म्हणजे माणसांची बाहुली, ज्याचा राग असेल त्याचं बाहुलं करायचं, पाटी लावायची, आणि सगळ्या गावानं ओरडायचं, घेऊन जा गे मारबत. एक रॉकेलचा काळाबाजार करणाऱ्याचा होता, पोट डब्याचं. एक साखर दडवणाऱ्याचा. मी पण ओरडले. पहिल्यांदा तोंडातल्या तोंडात, मग मोकळं. माझा आवाज चक्कीवर कमावलेला आहे, पुढची माणसं वळून पाहायला लागली. एक म्हातारी म्हणे, "कुठल्या वं तुम्ही? जोर आहे बाप्पा." मूर्तिजापूरची, म्हटलं. "मंग ओरडा, आमचे गळे बसले."

तिसरा बडग्या आला तो गुलाबरावांच्या दुकानासमोर थांबवला. धोतर, काळी टोपी, कमरेला पितळेचे गडवे बांधलेले. गळ्यात फोटोची चौकट अडकवलेली, चौकटीला हार. आणि चौकटीत फोटो नाही. चिंध्यांची बाहुली, हिरवं नेसलेली, हात चौकटीबाहेर काढून लोकांना टाटा करते आहे. मागून कोणीतरी दोरी ओढत होतं. लोक लोळून हसले. मी पण हसले. घेऊन जा गे मारबत. मी सगळ्यांत मोठ्यानं.

पाटी वाचायला मला वेळ लागला. गर्दीत ती हलत होती, वर गुलाल पडलेला, अक्षर अक्षर लावलं. "जि त्या सु ने च्या." जित्या सुनेच्या फोटोले हार घालनाऱ्याले.

शेवटपर्यंत आले तेव्हा माझं तोंड उघडंच होतं. समोर गुलाबराव. हातात आरतीचं ताट, मारबतीला ओवाळायला उतरले होते. ते बडग्याकडे पाहत नव्हते. माझ्याकडे पाहत होते.

मग आत गेले. दुकानाचं दार ओढून घेतलं.

विमलला म्हटलं, ही जिती आहे? ती गर्दीकडे पाहत राहिली.

म्हटलं, मी काल हात जोडले तिला. फूल वाहिलं. विमल, ती जिती आहे?

"घरी चाल," म्हणाली.

दिवसभर लेकरं लाकडी बैल घेऊन दारात येत होती. बोजारा म्हणून त्यांना गोळ्या बत्तासे द्यायचे असतात. विमल देत होती. मी भिंतीला टेकून बसले होते. कोणी काही विचारलं तर ऐकू येत नव्हतं.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

विमलशी भांडले. किसन भाऊजी दुकानात गेल्यावर.

तुले माहीत होतं न?

"होतं."

मग तीन पत्रं लिहिलीस, त्यात लिहिता नाही आलं? माझी पोर आहे ती. तुझ्या मांडीवर खेळली.

"पत्र कोन टाकते पेटीत? हे टाकतात. अन् आधी गुलाबरावले वाचून दाखवतात. स्थळ त्यायनंच लिहाले लावलं." मग पीठ मळायला बसली. मळता मळता म्हणाली, "अठरा वर्स झाले काट्यावर बसून. त्यायले दुसरं काय येते? सांग बरं."

मला राग होता. अजून आहे.

मग विमलनं सांगितलं. सुनेचं नाव इंदू. टीबी झाला, दवाखान्यात वर्षभर होती, बरी झाली. तिला परत घेतलं नाही. मौद्याला भावाकडे असते, एस.टी. स्टँडजवळ.

दुपारी गुलाबराव आले. प्रभाकर बरोबर. बडग्याचा विषय काढतील, रागावतील, म्हणून मी तयारीत होते. नाही. पंचांग काढलं. "कार्तिकात चांगले मुहूर्त आहेत, विहीणबाई."

म्हटलं, तुमची सून जिती आहे.

"मंडळाचे पोट्टे आहेत भैताड. वर्गणी कमी देली म्हनून."

म्हटलं, मी पोट्ट्यांचं विचारत नाही. ती जिती आहे का?

पंचांग मिटलं त्यांनी. अगदी शांत. "आमच्यासाठी गेली ती. तो रोग घरात आनाचा का? हार घातला म्हंजे झालं. घरात कोनी वर तोंड करून बोलत नाही आता."

प्रभाकरला म्हटलं, तुम्ही सांगा. यानंच माझ्या पोरीला पुस्तकं विचारली होती. तो विमलच्या परातीची कड नखानं खरवडत बसला होता.

"बाबा म्हनतात तेच," म्हणाला.

मला त्या बडग्यानं धक्का बसला नव्हता एवढा याचा बसला. बापानं हार घातला, समजू शकते, तसली माणसं असतात. हा रोज त्या फोटोखालून जेवायला जातो.

जाताना गुलाबराव म्हणाले, "विचार करा. तुमच्या पोरीच्या डोळ्याचं आम्ही काही काढलं नाही."

मी परात उचलून चुलीपाशी नेऊन ठेवली.

२५ ऑगस्ट, शनिवार

एकटीच गेले मौद्याला. एस.टी.नं. विमल म्हणाली, कायले जातेस. म्हटलं, ज्या बाईला मी हात जोडले तिचं तोंड पाहून येते.

स्टँडच्या मागं घर. ओसरीत मशीन, ती ब्लाऊज शिवत होती. फोटोतल्यापेक्षा जाड झाली आहे. नाक तेच. मी दारात थबकले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, सगळं गेलं. जिचं सुतक संपलं असं धरून चाललो, ती मशीन थांबवून विचारते, "मापाचं ब्लाऊज आनलं का?"

म्हटलं, नाही. मी मूर्तिजापूरची. माझ्या पोरीला गुलाबरावांकडे मागितलं आहे.

तिनं सुई वर घेतली. "बसा. पानी देते. भांडं वेगळं नाही माझं, चालते न?"

चालते म्हटलं. प्याले.

"तुमी तिसऱ्या," म्हणाली. "एक उमरेडवाली आली होती. एक तुमसरची. कोनी न कोनी सांगते त्यायले."

दवाखान्याचा कागद दाखवला. रोग नाही असं लिहिलं आहे म्हणे, इंग्रजीत आहे, मी नुसता शिक्का पाहिला. तो कागद घेऊन ती थेट सासरी गेली होती, दोन वर्षं झाली. सांगताना हात मशीनवरच.

"मी दारात उभी. समोर माझा फोटो, हार, उदबत्ती जळून राहिली. पहिले त मले हसूच आलं. वाटलं, गंमत करून राहिले का. सासूबाई आतून आल्या, मले पाह्यलं अन् उदबत्ती विझवली. मंग मामंजी आले. त्यायनं दुसरी पेटवली."

अन् तो?

"ते जेवत होते."

मला बसवेना. उठून ओसरीच्या टोकाला गेले, परत आले. म्हटलं, मी नकार देते. आजच जाऊन तोंडावर सांगते.

"द्या न. त्या दोघींनी बी देला. उमरेडवालीनं लिहिलं पत्रिका जुळत नाही. तुमसरवालीनं लिहिलं पोरगी लहान आहे. खरं कोनीच लिहीत नाही. म्हनून तो फोटो तिथंच आहे." मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी लिहा. इंदू जिती आहे म्हनून पोरगी देत नाही, असं. सही करून. मले एक कागद द्या. वकील म्हनते, सोयरिकीवाल्याचं लिहून पायजे, मंग मले मेली सांगून दुसरी कराले निघाले होते, हे त्यायले नाकारता येनार नाही."

मी हो म्हणणार होते. तोंडात आलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "विमलताईले सांगा, बाहुली लई मस्त झाली होती म्हने. ते हिरवं ताईच्याच साडीचं."

हो तोंडातच राहिलं.

बस कधी आली, कधी बसले, आठवत नाही.

२६ ऑगस्ट, रविवार

विमलनं ठेसनावर पोचवलं. फलाटावर म्हटलं, मंडळाच्या पोरांना तू सांगितलंस.

"मी काही सांगतलं नाही. जुनी साडी मागाले आले होते, देली."

विमल.

"मले तोंड नाही त्या घरासमोर. मारबतीले आहे." पदर डोक्यावरून सारखा केला. "तुले समोर उभी केली न मी? मंग झालं. आता तू लिहून देशील त गुलाबराव विचारतील, मौद्याचा पत्ता कोनं देला. दुसऱ्या दिवशी यायले काट्यावरून उठवतील."

म्हटलं, आणि त्या बाईनं काय करायचं?

"मले काय माहीत वं. मी जेवढं कराचं तेवढं केलं."

गाडी हलली. मी तिला शुक्रवारी काय काय बोलले होते ते आठवत बडनेऱ्यापर्यंत आले. माफी मागायची राहिली. मला ती मागता येत नाही, तो भाग वेगळा.

२७ ऑगस्ट, सोमवार

घरी. चक्कीत घोळ व्हायचा तो झालाच आहे, चार बायांचं दळण बदललं. रागावले नाही यांना.

सगळं सांगितलं यांना. हे घाम पुसत ऐकत होते. मग म्हणाले, "नकार देऊ. पत्रिका जुळत नाही लिहू. कायले कोनाच्या भानगडीत पडाचं?" उमरेडवाली, तुमसरवाली, आता आम्ही. मी त्यांच्यावर ओरडणार होते, पण विमलचं तोंड आठवलं आणि गप्प राहिले. मी गप्प राहिले याचंच यांना आश्चर्य वाटलं.

कुसुमला काही सांगितलं नव्हतं. ती पोत्यामागं गहू चाळत होती. सगळं ऐकलं होतं तिनं.

२८ ऑगस्ट, मंगळवार

कुसुमचं गुणगुणणं बंद. पट्ट्याचा आवाज एवढा मोठा आहे हे मला आजच कळलं.

संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली.

"ते खरंच असं म्हनाले? बाबा म्हनतात तेच?"

हो.

"खाली पाहून की वर पाहून?"

परातीकडे पाहून.

मग, "ती बरी झाली न पूर्ण?"

म्हटलं, मी तिच्या हातचं पाणी प्याले.

"दिसते कशी?"

नाक ठसठशीत आहे, म्हटलं. ब्लाऊज चांगले शिवते. दुसरं काय सांगणार. मग विमलचं सांगितलं, साडीचं, काट्याचं. म्हटलं तुझं लग्न आहे, मी विमलला बुडवू की त्या बाईला, मला कळत नाही. मला सगळं पटकन कळते, हे कळत नाही. पोरीपुढं असं मी कधी बोलले नव्हते.

ती म्हणाली, "माझ्या डोळ्याचं त्यांनी काही काढलं नाही, खरं आहे आई." आणि रडली. थोडीच. मी पाठीवर हात ठेवला. पिठाचा हात, पाच बोटं उमटली पोलक्यावर.

२९ ऑगस्ट, बुधवार

सकाळी कुसुमनं दोन पत्ते मागितले. गुलाबरावांच्या दुकानाचा आणि मौद्याचा, इंदूचा. दिले. म्हटलं, मी सांगते तू लिही, सही माझी. तर म्हणे, "सही माझी राहील. लग्न माझं होतं."

म्हटलं, विमलमावशीचं नाव कुठं येऊ देऊ नको. मान हलवली. हो म्हणून की ऐकलं म्हणून, कळलं नाही.

आतल्या खोलीत दार लोटून बसली. तीन दळणं झाली तरी बाहेर नाही. यांनी दोनदा विचारलं, काय लिहून राहिली. म्हटलं, चक्की पाहा. मग बाहेर आली, पाकीट हातात, पत्त्याची बाजू अंगाकडे. चपला घातल्या आणि पेटीत टाकून आली. आल्यावर हात धुतले, चाळणी घेतली, कालचे गहू चाळायला बसली.

दोन पत्ते दिले होते मी. पत्र एकच टाकलं तिनं. कोणाला, ते सांगत नाही.